एक बोट जागा

३ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटे,

तुझं पत्र पोचलं. पाकिटावर तुझं अक्षर बघून आधी ते पाण्याच्या पिंपामागे टाकलं, दुपारी काढून वाचलं. उत्तर देतेय ते टिल्लीचं काम आहे म्हणून. तुझ्यासाठी नाही. आधीच लिहून ठेवते, म्हणजे तुला उगाच उमाळे यायला नकोत.

टिल्लीचा प्रोग्राम लॉन्ड्रीत बसवला. मालक लगेच हो म्हणाले. "तुमच्या लेकीचा आहे, महिनाभर चालवून बघू. पण ताई, वहीसुद्धा चालू ठेवा हं." आता गिऱ्हाईक आलं की मी त्याचं नाव वहीतही लिहिते आणि त्या कॉम्प्युटरच्या डब्यातही बडवते. मालकांनी बटणांवर मराठी अक्षरं चिकटवून दिली आहेत. त्यातलं 'ळ' आत्ताच निघालंय.

हा प्रोग्राम ज्या भाषेत लिहिलाय तिचं नाव पायथन. इस्त्रीवाल्या काकांनी विचारलं, पायथन म्हणजे काय? मालक म्हणाले, अजगर. मी म्हटलं, बरोबर आहे, माझी मुलगी गिळली ती त्यानेच. काका म्हणाले, "अजगराने, का मावशीने?" म्हाताऱ्याला तोंड फार आहे. पण मी हसले नाही.

तू लिहितेस की सत्तावीस तारखेला टिल्ली त्या कंपनीत नोकरीसाठी हाच प्रोग्राम दाखवणार. तिथली माणसं मुद्दाम वाकडंतिकडं लिहून बघतात. म्हणून, ताई, तू रोज वापर आणि कुठे कुठे अडतं ते सगळं कळव, म्हणजे तिला आधीच दुरुस्त करता येईल.

कळवते. कुठेच अडत नाही. छान चाललंय. झालं?

टिल्लीचा फोटो बघितला. केस तुझ्यासारखे कापलेत. अंगात ते तुझं राखाडी स्वेटर. नाक मात्र माझं आहे. ते तुला कापता यायचं नाही.

तुझी ताई


९ फेब्रुवारी, सोमवार

धाकटे,

"ताई, खरंच कुठे अडत नाही? एकदाही नाही?" असं दोनदा विचारलंस. वकील आहेस का? नाही अडत.

आता मी विचारते. सत्तावीसला तिला घेतलं नाही तर ती परत येणार ना? दोन वर्षांपूर्वी तिला घेऊन गेलीस तेव्हा दारात उभी राहून तूच म्हणाली होतीस. "एक संधी घेऊ दे तिला, ताई. नाही जमलं तर मीच आणून सोडते." मी विसरलेले नाही. तिची खोली आहे तशी आहे. खाटेखाली मी जुन्या चादरींची गाठोडी ठेवली आहेत, पण ती पाच मिनिटांत निघतात.

आणि तिला काय आवडतं, काय नाही, ते मला लिहीत जाऊ नकोस. "टिल्लीला हल्ली पहाटे फिरायला आवडतं." मला काय माहीत नसेल? माहीत नव्हतं. इथे असताना तिला आठ वाजता पाय धरून खाली ओढावं लागायचं. पण ते मला दुसऱ्याकडून कळायला नको. त्यातून तुझ्याकडून तर नकोच.

तू शिकलीस, मोठ्या मोठ्या पोरींना कॉम्प्युटर शिकवतेस, चांगलं आहे. माझी शाळा चौथीत सुटली. तू तेव्हा रांगत होतीस आणि तुला बघायला घरात कोणी नव्हतं. हे ऐकवत नाही. नुसती आठवण देते. बाईंनी मला चार वर्षांत एकच गोष्ट पक्की शिकवली. शब्द संपला की एक बोट जागा सोडायची, नाहीतर शब्द एकमेकांच्या अंगावर चढतात. मी तुला तेच शिकवलं. तुझं ते एवढंसं बोट धरून पाटीवर ठेवायचे आणि म्हणायचे, आता पुढचा शब्द बोटाच्या पलीकडे. तू चिडून बोट चावायचीस. माझं.

हे पत्र बघ. शब्दाशब्दाला बोट आहे. त्या डब्यावरही मी तसंच करते. शब्द लिहिला की खालचं लांब बटण एकदा दाबायचं. आकड्याला नाही, फक्त शब्दाला. काका म्हणतात, "ताई, शेवटच्या शब्दानंतर कशाला जागा सोडता? पुढे कोण येणार आहे?"

मी म्हटलं, आलं तर?

तुझी ताई

ता. क. तुमच्या अजगराच्या भाषेत दोन आणि तीन किती होतात? सहज विचारतेय.


१४ फेब्रुवारी, शनिवार

धाकटे,

तू खोटं बोलतेस, आणि तेही वाईट खोटं.

म्हणे "टिल्लीने तुझ्यासाठी त्यात एक ओळ घातली आहे. सकाळी 'आई' लिहिलंस की दिसते. तू त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस. ती रोज संध्याकाळी विचारते, आईने काही लिहिलंय का."

कसली ओळ? रोज सकाळी तो डबा विचारतो, "कोण बसलंय?" टिल्लीने पाठवलेल्या कागदावर लिहिलंय की आईने 'आई' लिहायचं आणि काकांनी 'काका'. मी लिहिते. तो म्हणतो, "नमस्कार, आई." काका लिहितात. तो म्हणतो, "नमस्कार, काका." पुढे काही नाही. मी खुर्ची ओढून बघितलं, चष्मा पुसून बघितलं. नमस्कार! दोन वर्षांनी पोटच्या मुलीकडून काय, तर गिऱ्हाइकाला करतात तसा नमस्कार. तुला काय म्हणते ग ती सकाळी उठल्यावर? "नमस्कार, मावशी" म्हणत नसेल.

आता आलंच आहे तोंडाशी तर ऐक. तो डबा माझ्या हाताला पाळत नाही. काकांच्या हाताला पाळतो. शाळेतल्या गाणंवाल्या बाई आल्या, त्यांचा कोट शोधायचा होता. काकांनी सकाळी त्यांचं नाव घातलेलं. मी नाव लिहिलं, तर म्हणतो, "असं गिऱ्हाईक नाही." बाई समोर उभ्या. "अहो, मी आहे ना," म्हणाल्या. काकांनी हात पुसले, तेच नाव लिहिलं. लगेच सापडलं. तिसऱ्या खणात. मी परत लिहिलं. नाही! काका म्हणाले, "ताई, तुमच्यावर काहीतरी राग दिसतोय याचा."

"कपडे दिले का?" विचारतो. मी "हो" लिहिते. तो "नाही" धरून बसतो. रोज. माझं हो त्याला नाही वाटतं. हे कोणी शिकवलं त्याला? टिल्लीला एवढा खुनशीपणा नाही. तुला आहे. लहानपणी माझी रिबीन कात्रीने कापून मांजराने खाल्ली म्हणाली होतीस.

हे लिहिल्यावर लक्षात आलं की मी "कुठेच अडत नाही" असं दोन पत्रांत लिहिलंय. म्हणजे अडतं. तुला सांगायचं नव्हतं. लिहून गेले, आता खोडत नाही. मी पत्रात खाडाखोड करत नाही.

तुझी ताई


१९ फेब्रुवारी, गुरुवार

धाकटे,

हे पत्र तातडीच्या टपालाने टाकतेय. उभी राहून वाचू नकोस, बस. सोबत टोकनांच्या पाठीवर लिहिलेल्या तेरा चिठ्ठ्या आहेत, दोऱ्यात ओवल्या आहेत. त्या टिल्लीच्या हातात आज दे. उद्या नाही, आज.

आधी सोमवारी काय झालं ते.

सकाळी मी डब्यासमोर बसले आणि तुझं पत्र शेजारी ठेवलं, तुझा खोटेपणा त्याच्याच तोंडावर मारावा म्हणून. तो म्हणाला, कोण बसलंय? मी 'आ' लिहिला, 'ई' लिहिली आणि बोटाने लांब बटण दाबणार, तेवढ्यात काका मागून ओरडले. "ताई, पाणी!" बादली भरून वाहत होती. मी उठले. नळ बंद केला. परत येऊन पुढे जायचं बटण दाबून टाकलं. लांब बटण राहूनच गेलं.

तर समोर लिहून आलं, "आई, जेवलीस का?"

मी तशीच ओल्या हाताने उभी राहिले. काका आले, त्यांनी वाचलं. मग हळूच म्हणाले, "विचारतेय. उत्तर द्या की."

त्याखाली लिहिलं होतं, हो किंवा नाही लिही. मी "हो" लिहिलं. बोट सोडलं. तो म्हणाला, फक्त हो किंवा नाही. मी परत "हो" लिहिलं. परत तेच. मी चिडून लिहिलं, आधी तू सांग. फक्त हो किंवा नाही. मी लिहिलं, तुझी मावशी तुला वेळेवर जेवायला देते का. फक्त हो किंवा नाही. काउंटरवर दोन माणसं खोळंबली होती. एक म्हणाला, "बाई, माझे दोनच शर्ट आहेत." काका त्याला म्हणाले, "थांबा हो जरा, घरचं बोलणं चाललंय."

मग काकांनीच ते पकडलं. म्हणाले, "ताई, ते लांब बटण दाबू नका. मघाशी दाबलं नव्हतं तेव्हाच तर उघडलं." मी बोट उचललं आणि लिहिलं, नाही. खरं तेच लिहिलं. सकाळपासून चहाच होता पोटात. तो म्हणाला, "मग आधी जेव. कपडे कुठे पळत नाहीत."

हे वाक्य माझं आहे, धाकटे. टिल्ली शाळेतून आली की दप्तर न काढता अभ्यासाला बसायची, तेव्हा मी म्हणायचे, आधी जेव, पुस्तकं कुठे पळत नाहीत. मी सकाळी दहाला जेवणाचा डबा उघडला आणि काउंटरच्या मागे बसून जेवले. चव कशाला लागलीच नाही, पण संपवला.

म्हणजे ती ओळ पहिल्या दिवसापासून तिथे होती. मी रोज 'आई' लिहून पुढे एक बोट जागा सोडत होते, आणि त्याला वाटत होतं ही दुसरीच कोणी बाई आहे. रिकामी जागा त्याला अक्षरासारखीच दिसते, हे मला कसं कळणार? गाणंवाल्या बाईंचं नाव मला सापडायचं नाही ते त्यामुळे. माझं हो त्याला नाही वाटायचं तेही त्यामुळेच. आणि तिकडे तिला वाटत होतं, आई रोज वाचते आणि रोज गप्प बसते.

ही पहिली चिठ्ठी. बाकीच्या बारा मी पहिल्या आठवड्यातच लिहिल्या होत्या. तुझ्यापासून लपवल्या. इस्त्रीच्या टेबलाच्या खणात, घोंगडीखाली. तिला कळू नये, तिने प्रोग्राम तसाच घेऊन जावा, तिथल्या माणसांनी एक वाकडं बटण दाबावं आणि तो आडवा पडावा, असं मला वाटत होतं. मग ती परत आली असती. मी खाटेखालची गाठोडीही काढून ठेवली होती. आता तुला काय म्हणायचं ते म्हण. मी आधीच म्हणून घेतलंय.

चिठ्ठ्यांवरचं माझं अक्षर तिला लागतं, पण तरी दोनचार तूच समजावून सांग. धुवायचे किती आणि नुसती इस्त्री किती, असं तो विचारतो. दातवाल्या डॉक्टरांकडची बाई दोन आणि तीन चादरी घेऊन आली. त्याने एकूण लिहिलं तेवीस. त्याने बेरीज केलीच नाही, दोनाच्या शेजारी तीन नुसता नेऊन ठेवला. ती बाई चार दिवसांनी चिठ्ठी नाचवत आली, "माझ्या अठरा चादरी कुठायत?" मी म्हटलं, अहो तुम्ही पाच दिल्या होत्या. "मग हे काय मी लिहिलंय?" काका म्हणाले, "तुमच्या डॉक्टरांनी कोणाचे तेवीस दात काढले तर ते पण असेच का?" तेव्हा कुठे ती हसली आणि गेली.

टोकन नंबर विचारला की आपण नेहमी म्हणतो तसं मी "४७ निळा" लिहिलं, कारण लाल सत्तेचाळीस वेगळा असतो. तर सगळा प्रोग्राम लाल अक्षरं ओकून बंद. आधी घातलेलं सगळं गेलं. ती लाल अक्षरं इंग्रजी आहेत. मला वाचता येत नाहीत, पण मी वेलबुट्टी काढतात तशी एकेक काढून पाठवली आहेत, सातव्या चिठ्ठीवर. चुकलं म्हणून माणसाला परत विचारायचं असतं. दार आपटून निघून जायचं नसतं. हे तिला सांग. नको, सांगू नकोस. ते तिने माझ्याकडूनच घेतलंय.

हे बघ मजेचं. सुरुवातीला कपडे घ्यायला १ आणि द्यायला २ दाबायचं असतं. मी मराठी १ दाबला. म्हणतो चुकीचा पर्याय. आणि पुढे टोकनाला मराठी ४७ लिहिलं तर गुपचूप घेतो. म्हणजे पुढच्या दारी मराठी येत नाही आणि मागच्या दारी येते! यात तिने काय केलंय ते तिचं तिने बघावं.

काकांनी गंमत म्हणून नऊ हजार शर्ट लिहिले. "धन्यवाद" म्हणाला. नऊ हजार! दोन खोल्यांचं दुकान. मग उणे चार लिहिले. तेही घेतले. आणि नाव न लिहिताच पुढे गेलं तरी चालतं, त्यामुळे एक तपकिरी कोट कोणाच्याच नावावर नाही. तो दुसऱ्या खणात लटकतोय, बेवारशी.

तिला म्हणावं, लिहिणारा शहाणाच असेल असं धरून चालू नकोस. समोर माझ्यासारखी पण बसते.

आता राहिलं ते. ती गेली तेव्हाचं. तू बाहेर रिक्षापाशी होतीस, तुला माहीत नाही. मी तिला म्हटलं होतं, आज या दारातून गेलीस तर पुन्हा या घरात तुझं ताट वाढलं जाणार नाही. तिने चप्पल घातली. मी दोन वर्षं सगळ्यांना सांगतेय, मावशीने पळवली. तू पळवली नाहीस. मी ताट काढून घेतलं, तू वाढलंस. म्हणून तर तुझा एवढा राग येतो. आणि त्या पोरीने मला विचारलं काय, तर जेवलीस का.

चिठ्ठ्या मोजून दे. तेरा.

ताई


१२ मार्च, गुरुवार

धाकटे,

तिला घेतलं ते कळलं. मालकांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं, जसं काही पेपर त्यांनीच सोडवला. तू लिहितेस की तिथल्या माणसाने मुद्दाम नावापुढे जागा सोडून बघितली आणि टिल्ली त्याच्यासमोर हसली. त्याने विचारलं का हसलात, तर म्हणाली, ही चूक माझ्या आईने पकडली होती. हे तू मला लिहिलंस. लपवता आलं असतं. मी असते तर लपवलं असतं.

म्हणजे आता ती तुझ्या गावात राहणार. तुझ्यापासून दोन रस्ते सोडून खोली बघितली आहे, असंही लिहितेस. मला आनंद झाला असं लिहू का? अर्धा झाला. उरलेल्या अर्ध्यात मी जळतेय, अजूनही. तुला ती फिरायला जाताना दिसणार, आजारी पडली तर आधी तुला कळणार. मी ते काय दाबून टाकणार नाही. जळते तर जळते.

गाठोडी परत खाटेखाली गेली. ती मे महिन्यात आठ दिवस येणार, तेव्हा काढीन. तुला यायचं तर ये. दोन खाटा नाहीत, खाली झोपावं लागेल.

नवा प्रोग्राम आला. आता मी 'आई' लिहून एक बोट सोडलं तरी त्याला मी कळते. मी माझी सवय मोडली नाही. त्यानेच त्याची मोडली. मी म्हटलं काकांना, बघा, शेवटच्या शब्दापुढे जागा सोडली होती ना, आलं ना पुढे कोणीतरी? काका म्हणाले, "आता तुम्हाला गप्प कोण करणार?" तेवीस चादरी पाच झाल्या. "४७ निळा" लिहिलं तर न चिडता म्हणतो, फक्त आकडा लिहा, परत एकदा. तपकिरी कोट मात्र अजून तिथेच आहे. तो काही प्रोग्रामने सुटणारा नाही.

आणि सकाळी तो "जेवलीस का" विचारतो तेव्हा आता फक्त हो किंवा नाही म्हणत नाही. तिने ते काढून टाकलंय. कितीही लिहिलं तरी घेतो आणि मालक दर शनिवारी तिला पाठवतात. काल मी अकरा ओळी लिहिल्या. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, खोळंबू दे. त्यातली एक ओळ तुझ्याबद्दल आहे. चांगली आहे.

कोणती, ते तिला विचारायला जाऊ नकोस.

तुझी ताई